अर्धाच बसलेला दात : ड्रायव्हर सीटच्या रेलचं एक प्रकरण

ताईचा फोन आला तेव्हा तिने सीटचं नावही घेतलं नाही. "ब्रेकमध्ये काहीतरी आहे बघ," ती म्हणाली. "जोरात दाबला की खालून टक्क असा आवाज येतो आणि सगळी गाडीच अंगावर आल्यासारखी वाटते." मी आधी ब्रेक पॅड पाहिले, मग पुढची चाकं हलवून सस्पेन्शन पाहिलं. कुठे काही सापडेना. शेवटी स्वतः चालवायला बसलो आणि मोकळ्या रस्त्यावर ताशी तीसच्या आसपास वेग असताना ब्रेक दाबला. टक्क झालं, आणि मी सीटसकट बोटभर पुढे सरकलो.

गाडी बारा वर्षांची, सीट हाताने पुढेमागे करायची. ताई बेताच्या उंचीची, भाऊजी सहा फुटी. सकाळी ती गाडी नेते, संध्याकाळी ते. म्हणजे ड्रायव्हरची सीट रोज एकदा पार पुढे जाते आणि एकदा पार मागे. वर्षाला सातशेच्या वर फेऱ्या झाल्या. शेजारची सीट मात्र जवळजवळ कधीच हललेली नाही. पुढे तपासणीत या शेजारच्या सीटचा फार उपयोग झाला, कारण झिजलेलं काय आणि मुळातच तसं काय, हे तिच्याकडे पाहून ठरवता आलं.

सीटची रेल बिघडली की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: घरी दुरुस्त होईल का, की नवीन घ्यावी लागेल? या प्रकरणात मी दोन्ही केलं, आणि त्यातून जे पटलं ते आधीच सांगतो. रेलमधले काही भाग सीट सरकवतात आणि काही भाग सीट धरून ठेवतात. सरकवणारं काही बिघडलं तर खुशाल घरी दुरुस्त करा. धरून ठेवणारं बिघडलं तर बदला. मला हे आधी ठाऊक असतं तर ताई आणखी आठ दिवस त्या सीटवर बसून फिरली नसती.

रेल म्हणजे नेमकं काय

सीटच्या दोन्ही बाजूंना एकेक रेल असते, आणि प्रत्येक रेल म्हणजे एकात एक अडकवलेल्या दोन पोलादी पट्ट्या. खालची पट्टी गाडीच्या तळाला बोल्टने घट्ट बसवलेली, वरची सीटच्या सांगाड्याला. दोन्हींच्या कडा एकमेकींत अशा वळवलेल्या असतात की वरची पट्टी पुढेमागे सरकते, पण उचलून निघत नाही. मध्ये छर्रे असतात, त्यामुळे सरकणं हलकं होतं. खालच्या पट्टीला ओळीने खाचा. वरच्या पट्टीला लॅच, म्हणजे सीट जागी अडकवणारी कडी, आणि लॅचला दात. स्प्रिंग त्या दातांना सतत खाचांत दाबून धरते. सीटखालचा बार उचलला की दात बाहेर येतात, सोडला की पुन्हा खाचांत बसतात. बहुतेक गाड्यांत एका खाचेपासून पुढची खाच साधारण १ सेंटीमीटरवर असते. काही जुन्या गाड्यांत लॅच एकाच बाजूला असायचं. ताईच्या गाडीत दोन्ही बाजूंना आहे आणि एकच बार दोन्ही लॅच उचलतो.

दोन लॅच असण्याचा फायदा उघड आहे. तोटा असा की एक नीट बसलं नाही तरी दुसरं सीट धरून ठेवतं. चालवणाऱ्याला वाटतं सीट लागली, आणि खरं तर ती एकाच बाजूने लागलेली असते.

पहिली दुरुस्ती, आणि माझी चूक

सीट पार मागे नेऊन पुढून टॉर्च मारला, मग पार पुढे नेऊन मागच्या सीटच्या पायाजवळ आडवा होऊन मागून पाहिलं. जिथे डोकं जात नव्हतं तिथे मोबाईलचा कॅमेरा घातला. दाराच्या बाजूची रेल ठीक होती. गिअरच्या बाजूच्या रेलचं लॅच मात्र पूर्ण खाली येत नव्हतं. त्याच्या दांडीखाली पेनाचं निळं टोपण अडकलं होतं, चेपून पार सपाट झालेलं, केस आणि वाळलेलं ग्रीस यांत लपेटलेलं. रेलच्या खोबणीत पुढे एक नाणंही उभं अडकलं होतं.

टोपण चिमट्याने ओढून काढलं. खोबणी व्हॅक्यूमने साफ केली, जुन्या टूथब्रशने घासली, ग्रीसचा कडक झालेला थर लाकडी काडीने खरवडला. बारची परत ओढणारी स्प्रिंग एका टोकाने सुटली होती, ती पक्कडीने पुन्हा अडकवली. छर्र्यांच्या वाटेवर पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ हात फिरवला. गंज सोडवायला मिळतो तो पातळ स्प्रे तिथे कायमचं वंगण म्हणून मारू नये. तो लवकर उडून जातो आणि मागे राहिलेल्या चिकटपणावर धूळ बसते, म्हणजे सहा महिन्यांत तोच गाळ परत.

हे सगळं करायला दीड तास लागला. बार सोडला की आता दोन्ही बाजूंनी खट्ट असा एकदम आवाज यायला लागला. ताईला सांगितलं, झालं काम.

आठ दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. "आवाज कमी आहे, पण आहे." मी पहिल्या वेळी लॅच खाली येतंय एवढंच तपासलं होतं. खाली आल्यावर दात कसे आहेत, खाचेच्या कडा कशा आहेत, हे पाहिलंच नव्हतं. टोपण सापडल्याच्या समाधानात मी थांबलो. दोष सापडला की शोध संपला असं वाटतं, पण त्या दोषाने आजूबाजूला काय करून ठेवलंय ते पाहायचं राहून जातं. ताईला त्याच वेळी सांगितलं, आता गाडी काढू नकोस.

सीट बाहेर काढल्यावर

हल्लीच्या बऱ्याच सीटच्या कडेत एअरबॅग असते आणि बकलला बेल्ट आवळणारी स्फोटक यंत्रणा असू शकते. म्हणून आधी गाडी बंद करून बॅटरीची ऋण तार काढली आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबलो. सीटखालचे कपलर, म्हणजे वायरांचे जोड, त्यानंतरच सोडवले. एअरबॅगच्या वायरा बहुधा पिवळ्या आवरणात असतात, त्यामुळे लगेच ओळखू येतात. कपलर सुटलेले असताना चावी फिरवायची नाही. फिरवली तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला स्कॅनर, म्हणजे गाडीतल्या संगणकाला जोडायचं यंत्र, लागू शकतो.

सीट मागे नेली की पुढचे दोन बोल्ट दिसतात, पुढे नेली की मागचे दोन. मागचा एक बोल्ट गंजून बसला होता. त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवला, सकाळी सुटला. सीट उचलायला भाऊजींना बोलावलं. एकट्याने उचलू नये. वजनाचा प्रश्न आहेच, शिवाय रेलच्या कडा धारदार असतात आणि दाराच्या पट्टीवर ओरखडे पडतात. हातमोजे घातले नव्हते, भाऊजींच्या तळहाताला कापलं.

जमिनीवर सतरंजी टाकून सीट उलटी ठेवली. शेजारच्या सीटच्या रेलचे फोटो आधीच काढले होते, ते समोर ठेवले.

दाराच्या बाजूच्या लॅचचे दात चौकोनी, कडा शाबूत. नख फिरवलं की कडेला अडकत होतं. गिअरच्या बाजूच्या लॅचचे दोन दात टोकाला गोल झालेले, चकचकीत, आणि नख त्यांच्यावरून सरळ घसरत होतं. समोरच्या खाचांची पुढची कड दबून बाहेरच्या अंगाला पातळ ओठ आला होता. लॅच पूर्ण बसवूनही त्या बाजूला साडेतीन मिलिमीटरचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, होता. दुसऱ्या बाजूला तो जेमतेम जाणवत होता.

मग मागच्या पायाजवळ, खालची पट्टी जिथे ब्रॅकेटला वेल्ड केली आहे तिथे, एक तपकिरी रेघ दिसली. आधी वाटलं गंजाचा ओघळ आहे. फडक्याने पुसल्यावरही रेघ गेली नाही. अशा वेळी एक जुनी, साधी तपासणी करता येते. ती जागा स्वच्छ करायची, तिला रॉकेल लावायचं, थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्यायचं आणि वरून खडूची पूड भुरभुरवायची. भेग असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पुडीत ओली रेघ उमटते. दहा मिनिटांनी उमटली. डोळ्याला जेवढी दिसत होती त्यापेक्षा भेग जवळजवळ निम्म्याने लांब होती, आणि तिच्या आतला गंज सांगत होता की ती आजकालची नाही.

आता सगळी साखळी लागली. टोपण दांडीखाली गेलं आणि लॅच अर्ध्यावर अडकू लागलं. खाचेत पूर्ण दात बसण्याऐवजी फक्त टोक बसायचं, आणि प्रत्येक ब्रेकचा भार त्या टोकावर यायचा. टोकं झिजली, खाचेच्या कडा दबल्या, मग जोरात ब्रेक लागला की ती बाजू सुटू लागली. सीट धरून ठेवायचं काम एकट्या दाराच्या बाजूवर पडलं. एक बाजू धरलेली आणि दुसरी सुटलेली, त्यामुळे दर वेळी सीटला पीळ बसत होता. तो पीळ जिरला ब्रॅकेटच्या वेल्डमध्ये. हे सगळं किती महिने चाललं होतं कोण जाणे. ताईला टक्क आवाज ऐकू आला तो अगदी शेवटी.

दात किती खोल बसतो ही बाब किती गंभीर आहे ते विमानांच्या जगात फार आधी कळलं होतं. सेस्नाच्या छोट्या विमानांत सीट अशाच रेलवर, खिळ आणि भोकांच्या आधाराने थांबते. उड्डाण करताना नाक वर झालं की सीट मागे सुटायची, वैमानिकाचा हात सुकाणूवर असायचा आणि तोही त्याच्याबरोबर मागे ओढला जायचा. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९८७ मध्ये या रेलच्या ठरावीक तपासण्या सक्तीच्या केल्या आणि २०११ मध्ये तो आदेश नव्याने काढला. त्यात पाहायच्या गोष्टी याच: भोकं झिजून मोठी झाली आहेत का, खिळ पुरेशी आत जाते का, रोलर आणि स्प्रिंग कशा आहेत, भेगा आहेत का. मर्यादेबाहेर गेलेला भाग बदलायचा.

वेल्डिंगवाल्याकडे

तरीही मी ती रेल घेऊन ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडे गेलो. जुन्या गाडीसाठी नवी रेल घ्यायची म्हणजे खर्च आणि वाट पाहणं दोन्ही आलं, आणि भेग तर बोटाच्या पेराएवढी होती. त्यांचा हात चांगला आहे. त्यांनी रेल उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "भेग भरून देतो. दातांवर पण मटेरियल चढवून कानशीने आकार काढतो. तासाभराचं काम आहे."

मी त्यांच्याच टेबलावरची कानस घेऊन शाबूत दातावर फिरवली. कानस घसरली, धातूला लागलीच नाही. मग पट्टीच्या कडेवर फिरवली, तिथे ती खाऊ लागली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दात कडक केलेले होते. आता त्यांच्यावर वेल्डिंगची उष्णता दिली की तो कडकपणा त्या जागी उतरणार, आणि वरून चढवलेला धातू मूळ दातासारखा कडक असेलच याची खात्री नाही. पुन्हा महिन्याभरात टोक गोल. रेलच्या पट्ट्याही साध्या लोखंडाच्या नसतात. पातळ असून भार पेलावा म्हणून त्या जास्त ताकदीच्या पोलादाच्या करतात, आणि वेल्डच्या अगदी शेजारचा उष्णता लागलेला पट्टा मूळ धातूपेक्षा कमजोर होऊ शकतो. भेग भरलेल्या जागेच्या बाजूने नवी भेग जाते ती याच कारणाने. शिवाय लांब पट्टी एका जागी तापली की थोडी वाकते, आणि थोडी वाकलेली रेल छर्र्यांना पुरे होते.

मी त्यांना विचारलं, "काका, ही भरलेली जागा किती ओढ सहन करेल?" ते थोडे थांबले आणि म्हणाले, "ग्रिल असती तर छातीठोक सांगितलं असतं. हे नाही सांगू शकत." त्यांच्या या उत्तराने माझा निर्णय झाला, आणि त्यांनी काम मिळत असताना ते दिलं याबद्दल मला त्यांचा आदर आहे.

किती ओढ येते, ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेकांना वाटतं की रेलवर फक्त सीटचा आणि माणसाचा भार असतो. संयुक्त राष्ट्रांच्या १७ क्रमांकाच्या नियमानुसार सीटचे जोड आणि तिची लॉक होणारी यंत्रणा पुढेमागे २० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २० पट, एवढा धक्का ३० मिलिसेकंद सहन करू शकली पाहिजे. अमेरिकेचा २०७ क्रमांकाचा मानकही सीटच्या वजनाच्या २० पट भार मागतो. सीट २० किलोची धरली तर हे झाले ४०० किलो. आणि हे नुसत्या सीटचं.

ताईच्या गाडीत बेल्टचं बकल सीटलाच लावलेलं आहे, गिअरच्या बाजूच्या वरच्या पट्टीला. हल्लीच्या अनेक गाड्यांत असंच असतं, म्हणजे सीट पुढेमागे झाली तरी बकल हाताशी राहतं. आता हिशोब बदलतो. ६० किलोचा माणूस ताशी ५० किलोमीटर वेगावरून ०.१ सेकंदात थांबला तर त्याला रोखायला सरासरी सुमारे साडेआठशे किलो वजनाएवढं बळ लागतं. ते बेल्ट देतो. बेल्टचा कमरेवरचा आणि छातीवरचा, दोन्ही पट्टे बकलपाशी येऊन मिळतात. म्हणजे या ओढीचा मोठा वाटा बकलमधून रेलमध्ये, दातांत, आणि दातांतून त्या भेगाळलेल्या ब्रॅकेटमध्ये उतरणार. बेल्टच्या जोडांची चाचणी करणाऱ्या १४ क्रमांकाच्या नियमात छातीच्या आणि कमरेच्या पट्ट्याला एकाच वेळी प्रत्येकी १,३५० डेकान्यूटन ओढ देतात, म्हणजे प्रत्येकी जवळपास पावणेचौदाशे किलो. जोड सीटवर असतील तर सीटच्या वजनाच्या २० पट भार त्याच्या जोडीला.

घरच्या दुरुस्तीनंतर मी काय करू शकलो असतो? सीटवर बसून पायाने जोर लावून ढकललं असतं. त्यातून या आकड्यांच्या मानाने फारच थोडा भार आला असता आणि मी म्हटलं असतं, हलत नाही, पक्की आहे.

भाऊजींचा पर्याय

भाऊजी म्हणाले, "सीट एकाच जागी आरपार बोल्ट मारून कायमची बसवून टाकू. मी कसाही बसेन." पुष्कळ लोक असं करतात. त्यांच्या मनात ताईची सोय होती, पण ते जमणारं नव्हतं. सीट ताईच्या मापाची लावली तर त्यांचे गुडघे स्टीअरिंगला टेकणार. मध्ये कुठेतरी लावली तर ताईला क्लच पूर्ण दाबायला पुढे सरकून बसावं लागणार, आणि छाती स्टीअरिंगच्या जवळ जाणार. छातीचं हाड आणि स्टीअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटीमीटर अंतर ठेवा असं सांगतात ते एअरबॅग उघडायला जागा हवी म्हणून. शिवाय आरपार भोक पाडलं की आधीच अशक्त पट्टी आणखी अशक्त होते. मी नाही म्हणालो आणि कारणं सांगितली. त्यांना पटलं.

भाग शोधताना

राहिले दोन मार्ग: सुट्या केलेल्या जुन्या गाडीची रेल, किंवा नवी. जुनी आधी शोधली, आणि ती मिळालीही. त्याच मॉडेलची पूर्ण सीट होती, कापड आमच्यापेक्षा चांगलं. रेल सरकवून पाहिली, लोण्यासारखी चालली. दातही चौकोनी.

मग बकलकडे लक्ष गेलं. ते आमच्या बकलपेक्षा तीन-चार बोटं खाली होतं आणि त्याच्या दांड्यावरचं काळं प्लास्टिक एकॉर्डियनसारखं दुमडलं होतं. म्हणजे बेल्ट आवळणारी यंत्रणा त्या सीटवर चालून गेली होती. ती गाडी जोरात कुठेतरी आदळली होती, सीटवर त्या वेळी माणूस असणार, आणि वर लिहिलेला सगळा भार त्या रेलने एकदा सोसलेला होता. बाहेरून काही दिसत नव्हतं. पट्टी जमिनीवर ठेवून सरळ पट्टीशी ताडून पाहिली तर मध्ये कागद जाईल इतकी फट होती. सीट तिथेच ठेवून आलो. जुना भाग घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. मागून ठोकलेल्या किंवा बुडालेल्या गाडीचा नको, बकल खाली ओढलेलं असेल तर नको, खोबणीच्या कोपऱ्यात बारीक चिखल वाळलेला दिसला तर नको. ही चाळणी लावल्यावर हातात फार थोडं उरतं.

शेवटी नवी जोडी मागवली, लॅच आणि बारसकट. मागवताना गाडीचा चॅसी क्रमांक दिला, कारण एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत आणि प्रकारांत रेलचे पाय वेगळे असू शकतात. बकलही नवीन घेतलं. जुनं चांगलं होतं, पण त्याचा बोल्ट ज्या पट्टीवर होता तीच वाकलेली निघाली, आणि तिथे मला शंका ठेवायची नव्हती. एकच बाजू बदलावी का, हा विचार आला होता. दाराच्या बाजूच्या रेलने कित्येक महिने एकटीने भार आणि पीळ सोसला होता, म्हणून जोडीच घेतली. रेल यायला तीन आठवडे लागले. तोवर गाडी उभी.

बसवणं

या कामात एक जागा आहे जिथे बहुतेकांचं चुकतं. दोन्ही रेल सीटला लावण्याआधी दोन्ही लॅच एकाच क्रमांकाच्या खाचेत असायला हव्यात. नजरेने सारख्या दिसतात, पण एक खाच इकडेतिकडे झाली की सीट किंचित तिरकी बसते, सरकताना अडकते, आणि मग तोच पीळ सुरू होतो. मी पुढच्या टोकापासून खाचा मोजल्या, दोन्हीकडे सातव्या खाचेत लॅच बसवलं आणि मार्करने खूण केली.

तळातली बोल्टची भोकं तारेच्या ब्रशने साफ केली. चारही बोल्ट नवीन घेतले, मूळचे जास्त ताकदीचे होते तसेच. दुकानात मिळणारा कुठलाही त्या मापाचा बोल्ट इथे चालत नाही. चारही आधी हाताने दोन-तीन आटे धरेपर्यंत लावले. मग सीट पार पुढे, पार मागे अशी चार वेळा नेली, म्हणजे रेल एकमेकींशी समांतर होतात, आणि त्यानंतरच टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्याला आवळले. आधी घट्ट करून मग सरकवलं तर थोडी वाकडी बसलेली रेल तशीच वाकडी राहते.

कपलर लावले, मग बॅटरी. चावी फिरवली, एअरबॅगचा दिवा लागला आणि काही सेकंदांत विझला, जसा विझायला हवा. शेजारच्या सीटवर हे काम असतं तर एक गोष्ट वाढली असती. काही गाड्यांत त्या सीटच्या रेलमध्येच बसणाऱ्याचं वजन ओळखणारे सेन्सर असतात, आणि रेल बदलली की ते स्कॅनरने पुन्हा शून्यावर आणावे लागतात. असं काम घरी अर्धवट करू नये.

तपासणी अशी केली: सीट एकेक खाच पुढे नेत प्रत्येक ठिकाणी बार सोडला, आणि छोट्या आरशाने दोन्ही लॅच पूर्ण बसलेत का ते पाहिलं. मग बेल्ट लावून मोकळ्या जागेत ताशी पंधराच्या वेगाने ब्रेक दाबले, मग वीस, मग तीस. आवाज नाही. ताई शेजारी बसली होती. "आता मी चालवते," म्हणाली आणि जागा बदलून बसली.

विजेवर चालणाऱ्या सीटबद्दल मला दोन-तीन जणांनी विचारलं, म्हणून इथेच सांगतो. तिथे लॅच नसतं. मोटर एक लांब आट्यांचा दांडा फिरवते, त्यावर नट पुढेमागे जातो, आणि थांबल्यावर गिअर उलटा फिरत नाही म्हणून सीट जागच्या जागी राहते. फ्यूज, स्विच, मोटर, दोन्ही बाजूंना जोडणारी लवचिक केबल, हे सरकवणारे भाग आहेत. केबल निसटली की एक बाजू जाते, दुसरी राहते, सीट तिरकी होऊन अडकते. दोन्ही बाजू सारख्या करून केबल परत बसवणं घरी होतं. पण तो दांडा आणि नट सीट सरकवतातही आणि धरूनही ठेवतात. नटाचे आटे खाल्ले गेले असतील, सीट थांबलेली असताना पुढेमागे हलत असेल, तर तिथे गोंद, पत्रा, वेल्ड काही करू नये.

पाचशे किलोमीटरनंतर चारही बोल्ट पुन्हा तपासले. आवळल्यावर प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून तळापर्यंत रंगाची एक रेघ ओढली होती, ती चारही ठिकाणी सरळ होती. ताई आता महिन्यातून एकदा गाडी झाडताना सीट पार मागे नेऊन खोबणीत टॉर्च मारते.

जुन्या रेल आठवडाभर माझ्याकडेच पडून होत्या. भंगारात जशाच्या तशा दिल्या असत्या तर पुसून, रंग मारून त्या कुणाच्या तरी सीटखाली गेल्या असत्या. म्हणून दोन्ही वायसमध्ये धरून हॅकसॉने कापल्या. दातांपाशी ब्लेड नुसतंच घसरलं, धातूत शिरलंच नाही. मग चार बोटं बाजूला घेऊन, भेगेच्या ठिकाणी, आरपार कापलं.